कॅरिबू गेला, मग कुलूप का राहिलं?

वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनहून एका वाचकाने विचारलं आहे: "सहा वर्षांपासून इथे आहे. मित्रांमुळे स्नोमोबिलचा नाद लागला. आयडाहोतल्या प्रीस्ट लेकच्या वरच्या डोंगरात पूर्वी लोक मनसोक्त फिरायचे, असं क्लबमधले जुने लोक सांगतात. मग कॅरिबू नावाच्या रानहरणासाठी ती जमीन बंद केली. कॅरिबू तर २०१९ मध्ये संपले. ज्याच्यासाठी बंदी होती तो प्राणीच राहिला नाही, मग जमीन उघडत का नाहीत? आम्ही सह्यांचं निवेदन काढतोय. त्याचा उपयोग होईल का?"

सह्यांच्या निवेदनाने जमीन उघडणार नाही. पण म्हणून ती कधीच उघडणार नाही, असंही नाही. मी बावीस वर्षं याच कामात आहे. पहिली बारा वर्षं सरकारी जमिनींच्या आराखड्यांसाठी पर्यावरण-परिणामांचे अहवाल लिहिले, आता क्लबांना आणि काउंट्यांना, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनांना, त्या अहवालांवर हरकती कशा नोंदवायच्या ते सांगते. मी स्वतः स्लेड, म्हणजे बर्फावर पट्ट्याने धावणारी स्नोमोबिल, चालवते आणि त्या डोंगरांवर माझा जीव आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आपल्याकडून आलेल्या माणसाची इथे एक गफलत होते. आपल्याकडे राखीव जंगल म्हटलं की परवानगीशिवाय जायचं नाही, हे डोक्यात पक्कं असतं. इथल्या नॅशनल फॉरेस्टची घडण उलटी आहे. ती जमीन सगळ्यांची, आणि पायी जायला बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही. प्रश्न इंजिनाचा आहे. १९७२ साली निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा अध्यक्षीय आदेश काढला. सरकारी जमिनीवर रस्त्याबाहेर चालणारी वाहनं कुठे चालतील आणि कुठे नाहीत, हे ठरवा, असं त्याने सगळ्या खात्यांना बजावलं. ठरवताना माती, पाणलोट आणि झाडोऱ्याचं नुकसान, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि इतर लोकांशी होणारे तंटे कमीत कमी राहतील असं बघा, ही त्यातली अट. १९७७ मध्ये कार्टर यांनी तो आदेश आणखी कडक केला. गंभीर नुकसान दिसलं तर वाहनं ताबडतोब थांबवा, असं त्यात घातलं. गेल्या पन्नास वर्षांतली स्नोमोबिलची जवळजवळ सगळी भांडणं या 'कमीत कमी'भोवती फिरली आहेत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमच्या जागेकडे येते. "बंद जमीन" असं आपण एका दमात म्हणतो, पण बंद करणारे हात वेगवेगळे असतात, आणि ज्याने कुलूप लावलं त्याच्याकडेच किल्ली असते. एखाद्या क्लबने तीन-चार वर्षं खासदारांच्या कार्यालयात खेटे घालावेत आणि शेवटी कळावं की बंदी फक्त स्थानिक वनाधिकाऱ्याच्या हंगामी आदेशाने होती, एका बैठकीत विषय मिटला असता, हे मी पाहिलं आहे. उलटंही पाहिलं आहे. रेंजरच्या टेबलावर मूठ आपटणारे लोक, आणि ती जमीन १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली, यंत्रांना मज्जाव असलेलं रान म्हणून राखलेली, म्हणजे रेंजर तर सोडाच, राजधानी वॉशिंग्टनमधला मंत्रीही ती उघडू शकत नाही. तिथे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नवा कायदाच करावा लागतो. प्रीस्ट लेकच्या उत्तरेला सॅल्मो-प्रीस्ट विल्डरनेस आहे, १९८४ पासून. तुमच्या निवेदनाच्या नकाशात तो तुकडा आला असेल तर आजच काढून टाका. तो ठेवलात तर वाचणारा अधिकारी उरलेला कागदही गांभीर्याने घेणार नाही.

तळ्याचा पूर्व किनाराही नीट बघा. तिथली पुष्कळ जमीन फेडरल नाहीच, ती आयडाहो राज्याची आहे, शाळांच्या निधीसाठी राखलेली. तिचे नियम वेगळे, अधिकारी वेगळे, हिशेबही वेगळा. पश्चिमेकडे आणि वर डोंगरात आयडाहो पॅनहँडल नॅशनल फॉरेस्ट लागतं. तुमचं भांडण तिथलं आहे.

ही बंदी आली कशी, हे क्लबमधले जुने लोक अर्धंच सांगतात. सेलकर्क डोंगरातला, म्हणजे प्रीस्ट लेकच्या वरच्या याच रांगेतला, कॅरिबू हा सगळ्या रानापेक्षा उलटा जगणारा प्राणी होता. हिवाळ्यात बाकीची हरणं खाली उतरतात. हा वर चढायचा, जिथे बर्फ दोन-तीन मीटर साचतं तिथे. रुंद खुरांमुळे तो बर्फात रुतत नसे, आणि साचलेल्या बर्फावर उभा राहून जुन्या झाडांच्या फांद्यांवर लोंबणारी शेवाळासारखी वाढ खायचा. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची ती चुलत भावंडंच. वर अन्न थोडं असायचं, पण लांडगे आणि प्यूमा तिथवर येत नसत. खोल बर्फ हाच त्याचा किल्ला होता.

१९८३ मध्ये त्याला तातडीने आणि १९८४ मध्ये कायमचं धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. कॅनडातून कॅरिबू आणून सोडले गेले. तरी कळप वाढेना. त्याच काळात स्नोमोबिल बदलत गेली. सत्तरच्या दशकातली जड यंत्रं वाटेवरच चालायची. लांब पट्ट्याची, ताकदवान इंजिनाची नवी यंत्रं थेट कड्याखालच्या उघड्या उतारांवर जाऊ लागली, म्हणजे नेमकी कॅरिबूच्या किल्ल्यात. इंजिनाच्या आवाजाने तो हलायचा, तेही अशा दिवसांत की एकेक घास मोजून खर्च करायचा असतो. आणि दाबल्या गेलेल्या बर्फाची वाट भक्षकांना वर जायला आयती मिळायची. संरक्षणवादी संस्था कोर्टात गेल्या. २००६-०७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातल्या फेडरल कोर्टाने कॅरिबूच्या क्षेत्रात स्नोमोबिलना मनाई केली, काही वाटा तेवढ्या मोकळ्या ठेवल्या.

आता न्यायाची गोष्टही सांगायला हवी, कारण तुमच्या मित्रांचा राग त्यावरच आहे. कॅरिबू स्नोमोबिलमुळे संपला, असं म्हणणं खरं नाही. मुख्य घाव जुन्या जंगलावर बसला, तोडीने आणि वणव्यांनी. तोडलेल्या जागी कोवळी झुडपं आली, त्यांच्यामागे मूस आणि हरणं, आणि त्यांच्यामागे लांडगे नि प्यूमा. मोजके उरलेले कॅरिबू जाता-येता त्यांच्या तोंडी पडले. २०१६ मध्ये या कळपात १२ जनावरं होती, २०१८ च्या मोजणीत तीन, तिन्ही माद्या. शेवटी उरलेलं एक जनावर जानेवारी २०१९ मध्ये पकडून कॅनडात रेव्हलस्टोकजवळच्या कुंपणात नेलं, आणि अलास्का सोडून उरलेल्या सलग अमेरिकेतला शेवटचा कॅरिबू गेला. ती बातमी वाचली त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. मी लिहिलेल्या अहवालांमध्ये त्या कळपाच्या आकड्यांचे तक्ते होते, दर वर्षी एक रकाना लहान होत गेलेला.

तेव्हा सगळा दोष आमच्याच माथी मारला, हे तुमच्या मित्रांचं दुःख खरं आहे. पण "प्राणी गेला, मग बंदी गेली" हा हिशेब कायद्यात बसत नाही. त्याची तीन कारणं आहेत, आणि तिन्ही वेगळ्या वजनाची आहेत.

पहिलं, प्रजातीचं संरक्षण अजून उठलेलं नाही. उलट ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे शेवटचा कॅरिबू गेल्यानंतर, दक्षिणेकडच्या डोंगराळ कॅरिबूच्या सगळ्याच गटाला यादीत घेतलं गेलं आणि त्यात सीमेच्या अलीकडचा भागही आला. २०१२ मध्ये 'अत्यावश्यक अधिवास' म्हणून ठरवलेली ३०,०१० एकर जमीन तशीच राहिली. त्या वेळचा पहिला प्रस्ताव सुमारे पावणेचार लाख एकरांचा होता. काउंट्या, स्नोमोबिल संघटना आणि स्थानिक लोकांच्या हरकतींनंतर, आणि कॅरिबू प्रत्यक्षात कुठे वावरतात याचा नव्याने विचार झाल्यावर, तो इतका आटला. हे मुद्दाम सांगते. तुमच्याआधीच्या लोकांनी याच डोंगरात, याच प्राण्याच्या बाबतीत फरक पाडून दाखवला आहे, आणि तो कागदावर नोंदवलेल्या हरकतींनी.

दुसरं, कोर्टाची मनाई प्राण्याच्या आयुष्याला बांधलेली नव्हती. वन विभागाने हिवाळी वापराची विचारपूर्वक योजना केलेली नव्हती, हा त्या खटल्याचा गाभा. ती योजना म्हणजे या भागाचा हिवाळी वाहन-आराखडा. वन विभागाने कानिक्सू, म्हणजे पॅनहँडल जंगलाच्या उत्तरेकडच्या, भागासाठी तो हाती घेतला. तुमची किल्ली तिथे आहे. तो आज कोणत्या टप्प्यावर आहे, त्याची फाइल आणि तारखा रेंजर डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका. तिथले अधिकारी खोटं बोलतात असं नाही. बदल्या होत राहतात, आणि जाणाऱ्याचा शब्द येणाऱ्याला बांधत नाही.

तिसरं कारण लोक विसरतात आणि मग तोंडघशी पडतात. त्या डोंगरात कॅरिबू एकटा नव्हता. सेलकर्कमध्ये ग्रिझली अस्वलं आहेत. ती एप्रिलच्या सुमारास गुहांतून बाहेर येतात, म्हणजे उशिरा टिकणाऱ्या बर्फावर आपण शेवटचे सुंदर दिवस काढत असतो तेव्हाच. शिवाय वूल्व्हरीन आहे. पाणमांजराच्या कुळातला हा दणकट, एकांडा प्राणी. त्याची मादी फेब्रुवारीत खोल बर्फात बीळ करून पिल्लं घालते आणि मेपर्यंत तिथे असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तोही धोक्याच्या यादीत आला. दाराला तीन कड्या होत्या, त्यातली एक सैल झाली, एवढाच याचा अर्थ.

मग उघडण्याजोगं काय उरतं? बरंच उरतं. पण ते मागायची पद्धत वेगळी.

२०१५ पर्यंत वन विभाग, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणायचा की उन्हाळी वाहनांचा आराखडा सक्तीचा, हिवाळी ऐच्छिक. बर्फावर चालणाऱ्या वाहनांना ती सूट कायदेशीर नाही, असं २०१३ मध्ये आयडाहोच्या फेडरल कोर्टाने ठरवलं. जानेवारी २०१५ मध्ये नवा नियम आला: पुरेसं बर्फ पडणाऱ्या जंगलांनी हिवाळी नकाशा करायचा, आणि त्या नकाशावर जे मोकळं दाखवलं आहे तेवढंच मोकळं. बाकी बंद. पूर्वी "बंद लिहिलं नाही म्हणजे चालतं" असं होतं, ते पालटलं. हा नियम आला तेव्हा पुष्कळ क्लबांना वाटलं की आपला घात झाला. माझं मत वेगळं होतं आणि अजून आहे. नकाशावर मोकळी म्हणून नोंदलेली जमीन हा पहिला टिकाऊ हक्क आहे. नोंद नसलेली मोकळीक एका खटल्यात जाते, हे तुम्ही प्रीस्ट लेकला पाहिलंच.

पण नोंदही पोकळ असली तर टिकत नाही. माँटानातल्या बीव्हरहेड-डीअरलॉज जंगलाचं उदाहरण प्रत्येक क्लबने वाचायला हवं. तिथल्या आराखड्याने २० लाख एकरांहून जास्त जमीन स्नोमोबिलला मोकळी ठेवली. लोक खूश झाले. २०१५ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो निर्णय सदोष ठरवला. कारण वन विभागाने नुकसान 'कमीत कमी' कसं केलं, हे जागेजागेवर दाखवलंच नव्हतं. नुसतं "आम्ही विचार केला" एवढं पुरत नाही, हा त्या निकालाचा सूर. आठवा, १९७२ चा तोच शब्द.

यातून माझ्या कामाची एक गोष्ट ठरली. क्लब माझ्याकडे येतो तेव्हा मी पहिल्यांदा सांगते: तुम्हाला हवी ती जमीन उघडून घ्यायची असेल, तर ती उघडल्यावर कोर्टात टिकेल अशी फाइल वन विभागाला तुम्हीच तयार करून द्या. त्यांच्याकडे माणसं कमी आहेत, त्या उतारांवर जानेवारीत जाणारे त्याहून कमी. तुम्ही दर शनिवारी जाता. तुमच्याइतकी माहिती कोणाकडेच नाही, फक्त ती कागदावर नाही.

ही माहिती म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण अर्धे क्लब इथेच घसरतात. "आमचे आजोबा इथे फिरायचे" ही माहिती नव्हे. ती भावना आहे, खरी आहे, पण तिने नकाशावर रेघ ओढता येत नाही. माहिती अशी असते: अमक्या खोऱ्यातून गेलेला जुना लाकूडतोडीचा रस्ता, त्यावर डिसेंबरच्या शेवटी किती बर्फ असतं, तिथून कोणत्या उतारावर लोक चढतात आणि कोणत्या कधीच चढत नाहीत, दिवसाला किती यंत्रं असतात, मार्चनंतर कुठे बर्फ विरतं आणि माती उघडी पडते. प्रत्येक फेरीची जीपीएस नोंद ठेवा. तारीख, बर्फाची खोली, दिसलेले प्राणी, भेटलेले स्कीवाले, सगळं लिहा. कॅलिफोर्नियाच्या काही जंगलांत वाटेबाहेर चालवायला किमान १२ इंच बर्फाची अट आली. तशी अट तुमच्याकडून सुचवली गेली तर ती तुमच्या बाजूने बोलते. अधिकाऱ्याला दिसतं की या लोकांना मातीची काळजी आहे.

नोंदी द्यायला लोक घाबरतात. "आमचेच ठसे आमच्याविरुद्ध वापरतील" असं म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही. आयडाहो, वायोमिंग आणि माँटानात काही वर्षं वूल्व्हरीनचा मोठा अभ्यास झाला. त्यात स्नोमोबिलवाल्यांनी आणि स्कीवाल्यांनी आपणहून जीपीएस यंत्रं खिशात बाळगली. सुमारे ५,९०० फेऱ्यांच्या नोंदी आणि गळ्यात पट्टा बांधलेले २४ वूल्व्हरीन. निष्कर्ष आला की वूल्व्हरीन माणसांची वर्दळ टाळतात, स्कीवाल्यांचीही टाळतात, पण वाटेबाहेर चालणाऱ्या यंत्रांची जास्त. निकाल गोड नव्हता. तरी त्याच अभ्यासात हेही दिसलं की वर्दळीच्या भागांतही त्या जनावरांनी आपले मुलूख सोडले नव्हते. वाटेवरची वाहतूक आणि वाटेबाहेरची वाहतूक यांत फरक आहे, हे आकड्यांनी सांगणारं काहीतरी पहिल्यांदा हाती आलं. आज मी एखाद्या क्लबसाठी "हा ग्रूम केलेला, म्हणजे बर्फ दाबून सपाट केलेला, रस्ता मोकळा ठेवा, त्याच्या वरचं कुंड, म्हणजे डोंगरातली वाडग्यासारखी खोलगट जागा, बंद राहू द्या" असं लिहिते तेव्हा मला त्याचाच आधार असतो. नोंदी नसत्या तर दोन्ही बंद झालं असतं.

इथे माझं आणि पुष्कळ संघटनांचं पटत नाही. त्या म्हणतात, सगळं मागा, मग निम्मं मिळेल. बाजारात ते चालत असेल. आराखड्यात तुमचा प्रस्ताव एक 'पर्याय' म्हणून अहवालात घेतला जावा लागतो, आणि सगळं उघडा म्हणणारा पर्याय "उद्दिष्टात बसत नाही" अशा एका ओळीत बाजूला काढता येतो. चार तुकडे नेमके आखून, प्रत्येकाची हद्द जमिनीवर दिसेल अशी धरून, म्हणजे कडा, ओढा, रस्ता, आणि प्रत्येकाला हंगामाची शेवटची तारीख घालून दिलेला पर्याय तसा झटकता येत नाही. हद्द उंचीच्या रेषेवर कधीच मागू नका. धुक्यात ५,८०० फूट कुठे संपतात हे कोणाला दिसतं? चुकून पलीकडे गेलेल्या प्रत्येक ठशाचा फोटो पुढच्या खटल्यात लागतो.

तुमच्या निवेदनाचा मुद्दा इथेच येतो. आराखड्यावर मागवलेल्या हरकती म्हणजे मतदान नव्हे. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली तर अहवालात तो एकच मुद्दा म्हणून उतरतो आणि त्याला एकच उत्तर लिहिलं जातं. ती उत्तरं लिहिण्यात माझी कित्येक वर्षं गेली, म्हणून खात्रीने सांगते. वेगळं, नेमकं लिहिलेलं एक पत्र त्या पाचशेंपेक्षा जास्त काम करतं, कारण त्याला वेगळं उत्तर द्यावंच लागतं. शिवाय अंतिम निर्णयाच्या आधी औपचारिक आक्षेपाची ४५ दिवसांची खिडकी उघडते, ती फक्त आधीच्या टप्प्यात लेखी, मुद्देसूद म्हणणं मांडलेल्यांसाठी. नुसती सही केलेल्याला तिथे बहुधा बोलायला जागा नसते, आणि आक्षेप न घेणाऱ्याला पुढे कोर्टातही अडचण होते. तेव्हा ज्यांच्याकडून सही घेणार आहात त्यांच्याकडून त्याऐवजी प्रत्येकाच्या ओळखीच्या एका खोऱ्यावर एक पान लिहून घ्या. मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिलं, व्याकरण डळमळलं, तरी काही बिघडत नाही. खोऱ्याचं नाव आणि तारीख बरोबर हवी.

एक सावधगिरी. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण-परिणाम अहवालांच्या बाबतीत खात्यांच्या निर्णयात कोर्टांनी फार खोदकाम करू नये, असा निकाल दिला. त्यानंतर क्लबांमध्ये "आता सगळं उघडणार" अशी हवा आहे. त्या हवेवर जाऊ नका. तो निकाल अहवालाच्या कायद्याबद्दल आहे. धोक्यातल्या प्रजातींचा कायदा आणि 'कमीत कमी'ची अट वेगळ्या आहेत, त्या तशाच उभ्या आहेत. आणि खात्याच्या शब्दाला जास्त मान मिळणार असेल, तर खात्याने "बंद" म्हटलं तरी तो मान मिळणारच.

काँग्रेसच्या वाटेने काही झालं आहे का, असं पुढे विचाराल. झालं आहे. कॅलिफोर्नियात सोनोरा पासजवळ, लेव्हिट लेकच्या बाजूला, २००९ च्या मोठ्या सार्वजनिक जमीन कायद्याने ब्रिजपोर्ट विंटर रिक्रिएशन एरिया आखला, सुमारे ७,२५४ एकर, खास स्नोमोबिलसाठी. पण त्याच कायद्याने शेजारचं हूवर विल्डरनेस वाढवलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं, आणि दोन्ही बाजूंनी ते मान्य केलं म्हणून ते घडलं. फक्त उघडणारा कायदा मागाल तर तो दुसऱ्या अधिवेशनापर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

यलोस्टोनचा दाखला मी थोडक्यात देते, कारण ते नॅशनल पार्क आहे, नियम वेगळे. पण तुमच्या मित्रांना तो माहीत असायला हवा. १९६३ पासून तिथे स्नोमोबिल आहेत. नव्वदच्या दशकात पश्चिम दारावर धुराचे लोट असत, पुढे दारावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत ताजी हवा पंपाने सोडावी लागली. क्लिंटन सरकारने यंत्रं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, बुश सरकारने फिरवलं. डिसेंबर २००३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या न्यायाधीशांनी बंदी परत आणली, फेब्रुवारी २००४ मध्ये वायोमिंगमधल्या न्यायाधीशांनी ती अडवली. वेस्ट यलोस्टोनच्या हॉटेलवाल्यांना पुढच्या महिन्याचं आरक्षण घ्यावं की नाही कळेना. दिवसाला ७२० यंत्रं, मग ५४०, मग ३१८, असे आकडे बदलत राहिले. २०१३ मध्ये नियम ठरला तो असा: गटांनी जायचं, दिवसाच्या गटांची संख्या बांधलेली, रस्ता सोडायचा नाही, आणि आवाज नि धूर यांची मर्यादा पाळणारीच यंत्रं. मार्गदर्शकाशिवाय जाणाऱ्यांसाठी प्रत्येक दाराने रोज एक गट, जास्तीत जास्त पाच यंत्रांचा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांची संख्या बांधावी लागली, तसाच हा मामला. ज्यांना सगळं हवं होतं त्यांना हे कडू वाटलं. पण जमीन उघडी राहिली, आणि आज तिथे जाऊन पाहा, बर्फात बायसन रस्त्यावरून चालत असतो आणि दहा यंत्रं इंजिन बंद करून शांत उभी असतात.

प्रीस्ट लेकला तुम्ही काय मागावं, हे शेवटी तुमच्या नोंदी ठरवतील. मला विचाराल तर जुन्या रस्त्यांवरच्या जोडवाटा आधी मागा, ज्यांमुळे दोन मोकळे भाग एकमेकांना जोडले जातात. त्यांना सगळ्यात कमी विरोध होतो, आणि तळ्याच्या पश्चिमेला नॉर्डमन गावाच्या बाजूच्या लॉजवाल्यांना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग आहे. त्यांना सोबत घ्या, काउंटीला घ्या. स्कीवाल्यांशीही आधीच बोला. ते विरुद्ध जातील हे गृहीत धरू नका. कोलोरॅडोत व्हेल पासला सुमारे ५५,००० एकरांत दोघांच्या जागा वेगळ्या आखल्या आहेत, काही ठिकाणी यंत्राने वर जाऊन स्कीने उतरायचं असंही आहे, आणि ती घडी दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकत्र बसून बसवली. उंचावरची खोल बर्फाची कुंडं, जिथे वूल्व्हरीनच्या बिळांची शक्यता आहे, ती मागू नका. मी स्वतः ती मागणारं पत्र लिहून देत नाही, क्लबने कितीही पैसे देऊ केले तरी. उशिराच्या बर्फाचे भाग मागणार असाल तर एप्रिलच्या आधीची तारीख स्वतःहून घाला.

आणि या हिवाळ्यात एक काम लगेच करा. बंद हद्दीवरच्या पाट्या आणि खांब फेब्रुवारीत बर्फाखाली गाडले जातात. रेंजर कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि क्लबच्या माणसांनी ते दर पंधरा दिवसांनी वर काढा. विल्डरनेसमध्ये यंत्र नेलं तर सहा महिने कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण माझी काळजी दंडाची नाही. सॅल्मो-प्रीस्टच्या कड्यावरून आत गेलेल्या एका यंत्राचा ठसा विमानातून स्वच्छ दिसतो, आणि तो फोटो तुमच्या वर्षभराच्या नोंदींच्या शेजारी त्याच फाइलमध्ये लागतो. खांब कोणत्या दिवशी, कोणी, किती वर काढले, तेही वहीत लिहून ठेवा आणि मार्चअखेर त्याची प्रत रेंजर कार्यालयात देऊन पोच घ्या.